दादाने अर्धा सोडलेला ट्रक

अण्णा, दादाचा ट्रक तयार झाला. तुम्ही असतात तरी त्याला ट्रक म्हटलं नसतं, तुमच्या जांभ्या चिऱ्यांच्या गाडीशेजारी तो पोरगेलाच दिसला असता. चारही चाकांना ताकद जाणारी जुनी पिकअप आहे ती. पण दादा तिला ट्रक म्हणायचा म्हणून आम्हीही म्हणतो. मागचा हौदा आता उघडा नाही. त्यावर एक बंद खोली बसवली आहे, आत पलंग, पाण्याची टाकी, शेगडी आणि सामानाचे खण. परवा सकाळी आम्ही निघतो. आधी स्पिती, मग झंस्कार, थंडी पडू लागली की खाली उतरून पूर्वेकडे, जमलं तर अरुणाचलपर्यंत. डांबर संपतं तिथून पुढे जायचं, संध्याकाळ होईल तिथे राहायचं, असा बेत आहे. आम्ही म्हणजे मी आणि वहिनी.

दादा गेला, अण्णा. गेल्या वर्षी, गणपती उठल्यावर थोड्याच दिवसांनी. दुपारी जेवून तो ट्रकखाली शिरणार होता. हात धुवायला म्हणून नळापाशी गेला आणि तिथेच खाली बसला. सिव्हिलला नेईपर्यंत संपलं होतं. मी तेव्हा लांज्याला होते, माझ्या काजूच्या कारखान्यात. शेजाऱ्यांचा फोन आला. टेम्पो घेऊन मी कशी पोचले ते मला आजही आठवत नाही.

जहाजावरची नोकरी संपवून दादा घरी आला आणि वर्षभरात त्याने ही गाडी घेतली. सगळा जन्म इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, त्याला बागेत करमेना. मी विचारलं, "आता आणखी कुठे फिरायचंय तुला?" तर म्हणाला, "जग मी सगळं काठाकाठाने बघितलंय गो. आता मधलं बघायचंय." मग रोज सकाळपासून अंगणात ठोकठोक. चॅसीला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावून घेतल्या, मागचे स्प्रिंगचे पाटे बदलून भारी घातले, डिझेलची दुसरी टाकी बसवली, इंजिनाला हवा घेणारी नळी छपरापर्यंत वर नेली, म्हणजे नदी ओलांडताना पाणी आत जाणार नाही. आरटीओच्या फेऱ्याही त्यानेच मारल्या. पुढचा बंपर मात्र त्याने स्वतःच्या हाताने केला. जाड लोखंडी पत्रे आणून, कापून, वेल्डिंग करून, घासून. गाडी चिखलात अडकली तर ओढून काढायला विंच लागतो, तो त्या बंपरमध्ये बसवला. बंपर इतका जड झाला की उचलायला चार माणसं बोलवावी लागली. दादा त्याच्यावरून हात फिरवत उभा होता, आणि वहिनी ओटीवरून म्हणाली, "आता त्याला काजळ लाव."

तो गेल्यावर ट्रक तसाच आंब्याखाली उभा राहिला, मागे नुसता खोलीचा सांगाडा. मी वहिनीकडे राहायला आले होते, येता-जाता नजर पडायची. वहिनीला त्रास होत असेल असं मला वाटलं म्हणून मीच एक गिऱ्हाईक आणलं, पावस गावचा एक बागायतदार. त्याने खाली वाकून सगळं पाहिलं, किमतीचं बोलणं काढलं. वहिनीने त्याला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि म्हणाली, "गाडी विकायची नाही. ह्यांची आठवण म्हणून नाही हं. मला जायचंय."

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, कुठे जायचंय?"

"जायचं ठरलं होतं तिथे."

"अगं, पण तुला स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही."

"तुला येतं ना? मग शिकव. आणि हे बघ, माझ्यावर दया म्हणून यायचं असलं तर येऊ नकोस. मी कोणीतरी गाठीन."

एकसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. सगळी नोकरी मुलांना नकाशावर नद्या दाखवण्यात गेली. मी तिला वरच्या कातळपठारावर, सड्यावर घेऊन गेले, अण्णा, जिथे तुम्ही आम्हा भावंडांना गाडी शिकवलीत तिथेच, जुन्या चिरेखाणीच्या वाटेवर. खाण आता बंद आहे, पाणी साचून तळं झालंय. वाट मात्र तशीच, अर्धी कातळ आणि अर्धी खड्डे. पहिल्या दिवशी तिने गाडी चारदा बंद पाडली आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच म्हणाली, "पुन्हा." विद्यार्थ्याला म्हणावं तसं. शिमग्यापर्यंत ती कातळावरून गाडी अशी उतरवायला लागली की मी दाराची मूठ धरायची सोडली.

खोलीचं काम एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे दिलं. भला माणूस आहे, दादाचा मित्र. तो माप घ्यायला आला आणि म्हणाला, "वहिनी, पलंग दादांनी सांगितलाय तसाच करू ना? सहा फूट?" दादा उंच होता हे तुम्हाला माहीतच आहे. मी दुसरीकडे बघायला लागले. वहिनी म्हणाली, "नको. आम्ही दोघी बुटक्या. सव्वापाच पुरे. उरलेल्या जागेत ओटा करा, बाहेर उघडणारा. मला बसून स्वयंपाक जमत नाही." त्याने खडूने जुनी रेघ पुसून नवी मारली. एवढंच झालं. पण त्या दुपारी आम्ही दोघी जेवलो नाही, आणि का ते एकमेकींना विचारलंही नाही.

सगळं बसवून, पाणी-डिझेल भरून, पिठा-तांदळाचे डबेसुद्धा ठेवून आम्ही हायवेवरच्या वजनकाट्यावर गेलो. गाडीला जेवढं सोसतं त्याहून वजन बरंच जास्त भरलं. काट्यावरचा माणूस हसून म्हणाला, "काकू, घर हलवताय काय?" वहिनी म्हणाली, "बघू तरी कशी चालते." म्हणून तशीच सड्यावर नेली. पहिले चढ चढली. मग पऱ्याचा ओढा ओलांडून पलीकडे जायचं होतं. पऱ्यात पाणी घोट्याएवढंच, पण काठ उभा आणि ओला. उतरताना सगळा भार पुढे आला, पुढचं उजवं चाक काठाच्या मातीत रुतलं आणि गाडी त्या बाजूला इतकी कलली की मागे डबे धडाधड आदळले. वहिनी स्टेअरिंगवर होती. मी ओरडले, "ब्रेक सोडू नकोस!" ती शांतपणे म्हणाली, "सोडलेला नाही. तू आधी उतर." मी वरच्या दाराने बाहेर पडले. विंच होता, पण त्याची तार बांधायला त्या उघड्या सड्यावर झाड कुठलं? शेवटी गावातला ट्रॅक्टर बोलावून ओढून काढली.

मला त्या वेळी तुम्ही दिसत होतात, अण्णा. खाणीतून पहिल्यांदा एकटीने चिरे भरून आणले तो दिवस. मी एकोणीस वर्षांची. तुम्ही रस्त्यात उभे आहात, लुंगी वर खोचलेली. हात दाखवून गाडी थांबवता. मागे जाऊन बघता. चिरे मी सगळे मागच्या फळीला लावलेत, उतरवायला सोपे पडावेत म्हणून. चढावर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग वळेनासं झालं होतं, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही, पण तुम्हाला दिसलंय. तुम्ही म्हणता, "उतरव." मी म्हणते, "अण्णा, घर आलंच की." तुम्ही म्हणता, "घर आलं म्हणून वजन कमी झालं काय? उतरव सगळे, आणि नीट भर." दादा मदतीला येतो, तुम्ही त्याला हाताने मागे सारता. मग मी एकेक चिरा उतरवते, तांबडी धूळ घामात भिजते, आणि तुम्ही बाजूला बसून विडी ओढता. सगळं पुन्हा भरून झाल्यावर तुम्ही काही न बोलता माझ्या हातात पाण्याचा तांब्या देता. मी तुमच्यावर आठवडाभर रागावले होते.

तर घरी येऊन मी वहिनीला म्हटलं, "बंपर काढावा लागेल."

ती भाजी चिरत होती. म्हणाली, "पाण्याची टाकी लहान करू."

"केली तरी पुरणार नाही. पुढच्या चाकांवर सगळा भार त्याचाच आहे."

"डबे कमी करू. कपडे कमी करू."

"वहिनी, कपड्यांचं वजन ते किती?"

ती पुन्हा भाजी चिरायला लागली. दादाने स्वतः घडवलेली, या गाडीवर दिसणारी वस्तू ती एकच, बाकी बहुतेक सगळं खाली, चॅसीत, कुणाला न दिसणारं. मला कळत होतं. मी उठून लांज्याला निघून गेले. दोन दिवसांनी आले तर वहिनी अंगणात गाडीपुढे उकिडवी बसलेली, दादाचा मोठा पाना हातात, दोन बोल्ट निघालेले, तिसरा गंजून धरलेला. मला म्हणाली, "नुसती बघतेस काय? जोर लाव." आम्ही दोघींनी पान्याला नळी लावून तो सोडवला. शेजारची माणसं बोलावून बंपर खाली घेतला. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा हलका लावला, विंच ठेवला नाही, गाडी ओढायला दोन मजबूत पट्टे आणि फावडं घेतलं. लोखंडी बंपर परसात पोफळीखाली आहे. वहिनीने त्याच्या आडोशाला मिरवेलीचं रोप लावलंय. तिला वाटतं वेल चढेल. मला नाही वाटत, लोखंड उन्हात तापतं.

मग पुन्हा त्याच पऱ्यात गेलो. वहिनी गाडी थांबवून उतरली, साडी खोचून पाण्यात चालली, पायाने दगड चाचपले, वाट ठरवली, परत येऊन बसली. गाडी अलगद उतरली, पाणी ओलांडून पलीकडच्या चढावर गेली. वर पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "ह्यांना मी शेजारी बसवलं असतं. चालवायला दिलं नसतं." आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता ती रडली, मीही. समोर सड्यावर गुरं चरत होती.

आता सामान भरून झालंय. जड ते खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, हलकं वर. काट्यावर वजन बरोबर आलं. कारखाना मी माझ्या भागीदारणीवर सोपवलाय. गावात सगळे विचारतात, या वयात हे काय, आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देते: वहिनीला एकटीला कसं पाठवू, सोबत नको का? लोकांना ते पटतं, मला शहाणी म्हणतात.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, वहिनीला तर नाहीच. पण तुम्हाला सांगते. ती एकटीसुद्धा गेली असती, बिनघोर. दादा गेल्यापासून या घरात ती झोपते, मी जागी असते. सोबत मला हवी होती, अण्णा. ती मला घेऊन चाललीय.