कोब्याखालच्या आजोबांना वीतभर सरकवल्याबद्दल

ओनित्शा, धुळीचा वारा सुटल्यानंतरचा पहिला रविवार

तीर्थरूप ओबिडिके मामा यांच्या पायांशी,

भाचा अझुबुइके याचा वाकून नमस्कार. (वाकलो की कमरेत कळ येते, तरी वाकलोच आहे असं धरून चालावं.) तुमचा गुडघा कसा आहे, जोसची थंडी त्याला मानवते का, धाकट्या मामी अजून तुमच्या पानात मीठ कमी वाढतात का आणि तुम्ही शेजाऱ्याकडे जाऊन ती कसर भरून काढता का, हे सगळं सवडीनं कळवावं. इकडे आम्ही ठीक आहोत. वीज परवा आली होती. सगळ्यांना भेटून गेली.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. मामा, राग मानू नका, पण तुमचा फोन हा फोन नाही, चावडी आहे. तुम्ही तो कानाला लावत नाही, तळहातावर धरून त्याच्याकडे ओरडता, आणि मी इथे खोकलो तर तुमच्या दुकानातली गिऱ्हाइकं तिकडून मला औषध सांगतात. त्यातून धाकट्या मामी पडल्या न्वाफोरबाबांच्या सख्ख्या भाची. पुढची हकीकत न्वाफोरबाबांच्या कानावर जाता कामा नये. (त्यांचे कान गेलेत हे खरं, पण नको ते ऐकायला ते अधूनमधून परत येतात.) म्हणून हे पत्र जोसच्या बसवाल्याच्या हाती देतो आहे. दुकान बंद करून, एकट्यानं वाचावं.

थोरल्या मामी पावसाळ्याच्या शेवटी परसातल्या संडासाकडे जाताना शेवाळावरून घसरल्या, हे तुम्हाला कळलंच आहे. हाड वाचलं, हातात काठी आली. पाठोपाठ लागोसहून त्यांचा सोमतो आला. (तुमचा पुतण्या. बँकेत आहे. गावी येताना प्यायचं पाणीसुद्धा लागोसहून आणतो.) त्यानं उभ्याउभ्याच निकाल दिला: नाताळात मी येईन तेव्हा तुझ्या खोलीला लागून संडास-मोरी चालू दिसली पाहिजे, नसली तर तू माझ्याबरोबर लागोसला, आणि ती कायमची. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर मामींनी मला निरोप धाडला. म्हणाल्या, "त्याचं घर मी पाहिलंय. सगळ्या खिडक्यांतून माणसं दिसतात, ओळखीचं एक नाही. इथे दारात बसले की बाजाराला जाणारी प्रत्येक बाई आपलं भांडण मला सांगून पुढे जाते. तिथे मी कोणाचं ऐकू, लिफ्टचं?" थोडा वेळ काठीनं जमीन टोकरली आणि म्हणाल्या, "अझु, तू दुनियेचे कोबे कापतोस. माझा काप."

आता माझ्या धंद्याविषयी दोन शब्द, कारण तुम्ही जोसला 'माझा भाचा भिंती फोडतो' असं सांगत फिरता हे माझ्या कानावर आलं आहे. मामा, फोडणारे वेगळे. ते घण घेऊन येतात, पाइपाएवढी वाट सांगितली तर मोटरसायकल जाईल एवढी करतात, आणि शेजारच्या भिंतीला तडा गेला की तो आधीचाच होता म्हणतात. मीही ओनित्शात त्यांचा राडारोडा डोक्यावरून वाहूनच सुरुवात केली, म्हणून मला त्यांची रीत तोंडपाठ आहे. आज माझ्याकडे हिऱ्याच्या दाण्यांचं गोल पातं आहे, पात्यावर सतत पाण्याची धार आहे, धूळ नाही, हादरा नाही. मी कापत असताना शेजारी पेल्यात ताडी ठेवा, हलायची नाही. (हलते. सांडत नाही.) या धंद्याचा पहिला धडा असा की पातं टेकवण्याआधी विचारावं, खाली काय आहे? वायर, नळ, सळया. ओनित्शात एवढं पुरतं. आपल्या गावात मात्र विचारावं लागतं, खाली कोण आहे?

कारण मामींच्या खोलीपासून मागच्या शोषखड्ड्यापर्यंत पाइपाला उतार मिळतो तो फक्त बैठकीच्या खोलीतून, आणि बैठकीच्या खोलीत तुमचे वडील आहेत. मानाच्या माणसाला मेल्यावरही घरातच ठेवायचं, जमिनीखाली, हा आपला रिवाज. त्याला माझं काही म्हणणं नाही. पण जुनं मातीचं घर पाडून थोरल्या मामांनी जरासं इकडे सरकून नवं बांधलं, वर लाल कोबा केला, आणि आजोबा नेमके कुठे ते कोणाला न सांगता स्वतः चर्चच्या आवारात जाऊन झोपले. आजोबांना पुरलं तेव्हा तुम्ही पाठुंगळीला होता. थोरल्या मामी नव्या सूनबाई होत्या, त्यांना बायकांबरोबर अंगणात बसवलेलं. म्हणून मी आधी दोरीनं पाइपाची सरळ रेघ मारली आणि शहाण्यासारखा वडीलधाऱ्यांना बोलावून आलो. शहाणपण तिथेच संपलं.

न्वाफोरबाबा आले, उदेचुक्वु मास्तर आले, आणि त्यांच्यामागून ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं ते सगळे आले. कोलाचं फळ फोडून वाटलं, ताडी फिरली. न्वाफोरबाबांनी तपकीर ओढली, माझ्या हातातला खडू घेतला आणि कोब्यावर लांबट चौकोन काढून म्हणाले, इथे, खड्डा माझ्या बापानं खणला. मास्तरांनी चष्मा पुसला. तुझा बाप त्या दिवशी ताडीच्या मडक्यापाशी बसला होता, म्हणाले, आणि खणला माझ्या बापानं. आणि चार हातांवर दुसरा चौकोन काढला. पुढे कोणाचा बाप कुठे बसला होता यावर दुपार गेली. शेवटी शांतताप्रिय मंडळींनी दोन्हींच्या मधोमध तिसरा चौकोन काढला, तो तडजोडीचा. (माझी आई सांगायची की आजोबा जिवंतपणीही एका जागी बसत नसत. पण ही हद्द झाली.)

तेवढ्यात सोमतोचा फोन. जमिनीखालचं बघायचं यंत्र असतं ना, म्हणाला. असतं. माझ्याकडे आहे, इस्त्रीएवढं. पण ते लोखंड दाखवतं, आजोबा दाखवत नाही. हे मी सभेला सांगितलं तर मास्तर म्हणाले, त्यांच्याबरोबर त्यांची मानाची काठी ठेवली होती, लोखंडी, वर पितळी मूठ. न्वाफोरबाबांनी मान डोलावली. त्या दोघांचं दिवसभरात पटलेलं हे पहिलंच वाक्य. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. यंत्र फिरवलं. तिन्ही चौकोनांत ते मुकं राहिलं, आणि माझ्या पाइपाच्या रेघेवर येताच कोकलायला लागलं. पडद्यावर चित्र उमटलं: लांब चौकट, माणूसभर, आत आडव्या पट्ट्या. न्वाफोरबाबा गुडघ्यावर बसून बराच वेळ ते चित्र पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "उंचीवरून ओळखलं." मास्तरांनी टोपी काढली. कोणीतरी जिनची बाटली आणून आजोबांच्या नावानं कोब्यावर धार धरली. मी यंत्र हातात घेऊन उभा, आणि डोक्यात एकच किडा: माणसाला आडव्या पट्ट्या कुठून आल्या?

आतून मामींची काठी भिंतीवर वाजली. गेलो, तर त्या लुगड्याचा बोळा तोंडात कोंबून बसलेल्या, खांदे हलताहेत. मला वाटलं सासऱ्याच्या आठवणीनं. बोळा काढून म्हणाल्या, "अरे, ती माझी खाट आहे."

थोरल्या मामांचा हात तुम्हाला माहीत आहे; आगपेटीतली काडी दोनदा ओढायचे. कोबा घालताना सळया विकत आणणं त्यांच्या जिवावर आलं, तेव्हा लग्नातली लोखंडी खाट, जी मोडून परसात पडली होती, ती तशीच्या तशी आडवी टाकून त्यांनी वर सिमेंट ओतलं. (खाट कशी मोडली ते मी विचारलं नाही. मामींनी सांगितलंही नाही, पण तोंडात पुन्हा बोळा घातला.) मी म्हणालो, मग बाहेर येऊन सांगून टाका. "काय सांगू? तुम्ही सगळ्यांनी टोप्या काढून माझ्या खाटेला जिन पाजलीत? न्वाफोरबाबा जागेवर जातील, आणि मग त्यांना कुठे ठेवायचं त्याचे तीन चौकोन." खरं होतं ते. चूक माणसाला दाखवता येते मामा, पण जिन ओतायच्या आधी. नंतर ती चूक राहत नाही, परंपरा होते.

पण पाइप तर तिथूनच जायचा होता, आणि नाताळ काही सरकणार नव्हता. मामी म्हणाल्या, "तू या घरच्या लेकीचा लेक. लेकीच्या लेकानं आजोळी काही मागितलं तर जिवंत माणूस नाही म्हणत नाही. मेलेला कसा म्हणेल? जा, वाट माग."

मी बाहेर येऊन खाटेच्या पायथ्याशी गुडघे टेकले आणि म्हणालो, आजोबा, मी तुमच्या लेकीचा मुलगा, वीतभर सरकाल का? मागणी नाकारता येत नाही यावर सभेत दुमत नव्हतं. खल झाला तो डावीकडे सरकावं की उजवीकडे यावर. तेही मिटत आलं होतं. पण मास्तरांना शाळेपासून शेवटच्या प्रश्नाची खोड. "पाइपातून जाणार काय?" पाणी, मी म्हणालो. "कसलं?" मोरीचं. "मोरीचंच?" मी दोरी गुंडाळायला लागलो. न्वाफोरबाबा कानाला हात लावून म्हणाले, काय म्हणतोय तो? आणि मास्तरांनी जे ओरडून सांगितलं ते, सासऱ्याच्या पायाशेजारून सुनेचं काय काय जाणार त्याच्या तपशिलासह, पार बाजारापर्यंत गेलं.

तेव्हा आतून मामींचा आवाज आला, अगदी साधा, जसं कोणाला मीठ द्यायला सांगावं. "शेवटच्या वर्षी ते उठत नव्हते. त्यांचं सगळं मी काढलं, दोन्ही हातांनी. ते माझं मनावर घेणार नाहीत." हे न्वाफोरबाबांना कोणी ओरडून सांगितलं नाही. त्यांनी तपकिरीची डबी मिटली आणि मला म्हणाले, "काप रे."

कापलं. पातं खाटेच्या लोखंडाला लागलं तेव्हा पाण्यातूनही ठिणग्या उडाल्या. न्वाफोरबाबा सगळ्यांना म्हणाले, मागे व्हा, ते सरकताहेत. कोब्याचा तुकडा उचलला तर त्याला खाटेच्या खांबावरची पितळी मूठ चिकटून आली. ती काठीची मूठ, हे मी तोंड उघडण्याआधीच ठरलं होतं. न्वाफोरबाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि घरी नेली. मी गप्प बसलो. त्या वयात त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी पाहिला नव्हता, आणि मामींनाही त्या मुठीचं काही अडलेलं नव्हतं.

तर असं चाललं आहे. बाकी सर्व क्षेम. जोसचे बटाटे बसवाल्याकडे दिलेत तर तो पिशवीतले निम्मे इकडे पोचवतो, एवढं कळवून आवरतो. धाकट्या मामींना नमस्कार, पण हे पत्र न दाखवता.

तुमचा लेकासारखाच लाडका,
अझुबुइके

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. चर खणून झाला, पाइप आणून ठेवला, पण न्वाफोरबाबांनी अट घातली आहे: हयात असलेल्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या, स्वप्नात येऊन आजोबांनी नवीन जागी आराम आहे असं सांगेपर्यंत पाइप जोडायचा नाही आणि चर बुजवायचा नाही. मास्तरही यात सामील आहेत. सोमतो चर उघडा बघेल तर मामींचं गाठोडं बांधेल. तेव्हा मामा, तुम्हाला येत्या शनिवारच्या आत स्वप्न पडलं पाहिजे, आणि ते तुम्ही स्वतः न्वाफोरबाबांना फोनवर सांगितलं पाहिजे. इथे तुमचा तो फोन कामाचा आहे.

ता. क. दुसरा. स्वप्न छोटं ठेवावं. तुमची सवय मला माहीत आहे. तुम्ही सांगायला बसलात की आजोबांबरोबर चार माणसं आणि एक बिबट्या येतो. आजोबांनी फक्त 'ठीक आहे' म्हणावं आणि जावं. काठीची मूठ तर मुळीच परत मागू नये, न्वाफोरबाबा ती उशाशी घेऊन झोपतात.

ता. क. शेवटचा. मामींचा निरोप आहे, भावजींना घाई करू नकोस, त्यांच्या झोपेनं पडेल तेव्हा पडू दे. मामींचं काही अडलेलं नाही. पाइप त्यांनी माझ्याकडून मंगळवारीच गुपचूप जोडून घेतला. चरावर चटई टाकली आहे आणि तिच्यावर मास्तर आणि न्वाफोरबाबा आळीपाळीनं राखणीला बसतात. काल संध्याकाळी मास्तर बसलेले असताना मामी आत गेल्या. मोरीतलं पाणी चटईखालून खळखळत शोषखड्ड्याकडे गेलं. मास्तरांनी टोपी काढली, ओठांवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "ऐकलंस? कूस बदलली त्यांनी."