गिरमिट आणि प्रबलन

१० नोव्हेंबर

क्षमा असावी. हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही जिला घाम फुटतो, तिने कथा लिहायला बसावं हा आगाऊपणाच! पण हिरेमठ बाईंनी आम्हा बी.एड.च्या सगळ्यांना फर्मावलं आहे — शैक्षणिक मानसशास्त्रातल्या संकल्पना गुंफून एक लघुकथा लिहा. बालदिनी ती सराव शाळेच्या सातवीपुढे वाचली जाणार. "मुलांनी जांभया दिल्या, तर तुमचं मानसशास्त्र नापास!"

लिहीन. वाचणार मात्र नाही. वाचणाऱ्याचं नाव वेगळं कळवता येतं, हे केवढं बरं! माझ्या खोलीतली शांतला वाचेल. ती धारवाडच्या भर बाजारातही भाषण ठोकील.

११ नोव्हेंबर

पहिला मसुदा शांतलाला दाखवला. सवयीने मी कथेच्या आरंभी चक्क 'उद्दिष्टे' लिहिली होती! पुढे नायक बरोबर उत्तर देतो, बाई शाबासकी देतात, नायकाचं वर्तन दृढ होतं. पानोपानी हेच.

"अगं पंडिते, ही कथा आहे की पाठाचं टाचण?"

मग ठरवलं, प्रत्यक्ष अनुभव घ्यावा. घरमालकीणबाईंची मुलगी गंगव्वा तिसरीत आहे. पाढा बरोबर आला की एक घास गिरमिट, म्हणजे इथली चुरमुऱ्यांची भेळ — यालाच आम्ही प्रबलन म्हणतो. सहाच्या पाढ्याशी गिरमिट संपलं.

"आता सातचा म्हण ना, गंगव्वा."

"अक्का, सात अवघड आहे. आधी मिरची भजी आण."

आणली!! कोण कोणाला शिकवत होतं, देव जाणे.

१२ नोव्हेंबर

सगळ्या संज्ञा खोडल्या. भज्यांची हुज्जत तेवढी ठेवली. कथेतल्या बाईच आता शहाण्या होत जातात, आणि विद्यार्थिनी लबाड.

शांतला म्हणाली, "वाचून दाखव. माझ्याकडे पाठ केलीस तरी चालेल." भिंतीला वाचून दाखवली. "आता खिडकीकडे तोंड कर." केलं. "आता इकडे." वळून पाहते तो गंगव्वा आणि तिची अव्वा, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, दारातच बसलेल्या! थांबणार होते, पण गंगव्वा ओरडली, "मग भजी मिळाली का?" वाचावंच लागलं. शेवटी दोघी खो खो हसल्या.

"बोलते की गं ही!" अव्वा म्हणाल्या. "मी आपली समजत होते, भाडेकरू मुकी मिळाली."

त्या गेल्यावर शांतलाला खडसावलं — हा काय प्रकार?

"वर्तनाला टप्प्याटप्प्याने आकार देणे. तुझ्याच टिपणांत आहे. तू परीक्षेपुरतं पाठ केलंस, मी वापरून पाहिलं."

चिडले. मग हसू आलं. तरीही — दारातल्या दोघी म्हणजे सातवीचा आख्खा वर्ग नव्हे. शांतलाच वाचेल.

१३ नोव्हेंबर

कथा बाईंना पाठवली. गुरुवार, १३ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. वाचणार — मी.