ओढ्याकाठची पाणथळ आणि मानक तीन-ब

मी, व्हर्ना डोलेझाल, कै. एमिल डोलेझाल यांची पत्नी, लिबुशा, नेब्रास्का येथील हायस्कूलची जीवशास्त्राची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण नाही असं लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, आणि इस्पितळाची बिलं भागवून जे काही उरेल ते, माझी भाची जोॲन हिला. तिने घर विकून टाकावं. मावशीची आठवण म्हणून या गावात अडकून पडू नये.

२. एमिलची सुतारकामाची हत्यारं चर्चला. माझा दीर लिओनार्ड याला त्यांतली एक पटाशीसुद्धा देऊ नये. एमिलला पुरून आल्यावर, जेवणाच्या टेबलाशी, कोलाच हा खसखशीचा गोड पाव चघळत तो म्हणाला होता, “व्हर्ना, ओढ्याकाठची ती पाणथळ कशाला सांभाळत बसतेस? खालून पाइप टाकू, पाणी काढू, मग बघ मका कसा येतो.” घास तरी गिळायचा आधी.

३. माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक शाळेतल्या माझ्या वर्गात, खोली क्रमांक ११४ मध्येच राहावा. लोक विचारतील, एवढा वैताग होता तर हिने नोकरी का सोडली नाही. एमिलची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्याचा आरोग्यविमा माझ्या नोकरीवर होता. तो गेला, तर माझ्या पोटात गाठ निघाली. पुन्हा तोच विमा, पुन्हा तीच खोली.

मधल्या काळात वरून तंत्रज्ञानाची मानकं आली, म्हणजे वर्गात यंत्रं कशी वापरायची याचे क्रमांकवार नियम. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मानकाचा क्रमांक लिहायचा आणि धडा त्यात बसवायचा. मुख्याध्यापिका क्रिस्टा वेंडेल, माझीच जुनी विद्यार्थिनी, टॅबलेट घेऊन न सांगता वर्गात येते आणि कुठल्याही मुलाला विचारते, “आज काय शिकताय?” मुलाने क्रमांक सांगायचा असतो. डिलेनी बिचारी म्हणाली, “बेडूक.” माझ्या नावापुढे ‘असमाधानकारक’ लागलं.

४. आता ती पाणथळ. माहेरकडून आलेली, तीन एकर, माझ्या एकटीच्या नावावर. दर वसंतात मी वर्ग तिथे नेते. गेल्या वर्षी मानक तीन-ब प्रमाणे ओलावा मोजायची यंत्रं सोबत न्यावी लागली. मुलं घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. यंत्रं बिघडलेली, पडद्यावर आलं ‘कोरडी’, आणि सगळ्यांनी निमूट ‘कोरडी’ भरलं.

“अरे, स्वतःचे बूट तरी बघा,” मी म्हणाले.

कोल्टन म्हणाला, “बुटांना मार्क नाहीत ना, मिसेस डी.”

माहिती वेळेत चढवली म्हणून त्या तासाला क्रिस्टाने ‘उत्कृष्ट’ दिलं. एवढ्या वर्षांतलं माझं एकमेव. मी गाडीत जाऊन रडले.

ही जमीन शाळेला द्यायची, अट एवढीच की तिथे मुलांनी हातात कुठलंही यंत्र न घेता यावं, असं मी आधी लिहून शाळेला कळवलं होतं. क्रिस्टा ते घेऊन घरी आली.

“मिसेस डी, मानक नसेल तर तो तास धरत नाहीत. तास नाही तर बस मिळत नाही. शाळेचा वकील म्हणतो, या अटीवर जमीन घेताच येणार नाही.”

“तू दहावीत होतीस तेव्हा बेडकांची अंडी ओंजळीत धरून उभी होतीस. आठवतं?”

“आठवतं,” ती म्हणाली. “म्हणून तर सांगतेय, अट काढा.”

शाळेने नाकारली तर इस्पितळाच्या बिलांपायी जमीन लिलावात जाईल, आणि शेजारचं शेत लिओनार्डचं आहे. जोॲनला त्याच्याशी भांडायला लावणं मला मान्य नाही.

म्हणून अट काढली आहे. सदर तीन एकर शाळेला, मानक तीन-ब च्या अंमलबजावणीसाठी, यंत्रांसह, कायमची. पाणी मात्र काढू नये. हे मी राजीखुशीने दिलं असं माझ्या अंत्यविधीत कोणीही म्हणू नये. दुसरी वाट नव्हती.

साक्षीदार, दोघांना यात काहीही मिळणार नाही:
ऑड्रे विटेक, शाळेतील स्वयंपाकीण (सही)
ग्लेन स्ट्रॉमर, बँड शिक्षक (सही)

लिहून देणार: व्हर्ना डोलेझाल (सही)

ठिकाण: खोली क्रमांक ११४. वकिलाकडे जायला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली नाही.
दिनांक: ८ एप्रिल २०१४