मंडळीतला ळ

अप्पा, यंदा मला मंडळीचे वडील केलंय. हसू नका. बाईमाणसाला वडील का म्हणतात, हे विद्यानगरातल्या शेजारणींना समजावताना नाकी नऊ येतात. चर्चचा कारभार बघणारे जाणते ते वडील, एवढं सांगून मी मोकळी होते. लहानपणी माझीही गफलत व्हायचीच की. तुम्ही तिथेही वडील, घरीही वडील.

शब्बाथ शाळेच्या परीक्षेत मी तळहातावर बायबलची वचनं लिहून नेली होती. असं करणाऱ्या आम्ही पाचजणी होतो, पण भर उपासनेत तुम्ही नाव घेतलंत ते माझंच, आणि सहा महिने प्रभुभोजनाची भाकर नि प्याला बंद केलात. घरी येऊन मी थयथयाट केला. "बाकीच्या चौघींचं काय?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "देव न्यायाला निघाला की आधी स्वतःच्या घरात शिरतो, बाळ. बाहेरचे मागून." मी विचारलं, "आत्ता तुम्ही अप्पा आहात की वडील?" तुम्ही जेवत राहिलात. तुमच्या कडकपणाचा दाखला म्हणून हा किस्सा मी चाळीस वर्षं सांगत आलेय.

आता माझं ऐका. आमच्या चर्चच्या पाळकांविरुद्ध निनावी पत्र आलं, सगळं खोटंनाटं. पेटी वाजवणाऱ्या बाईंचं पाळकांशी आधीच बिनसलेलं, म्हणून संशय त्यांच्यावर. बिचाऱ्या माझा हात धरून म्हणत होत्या, "अक्का, मी नाही ओ लिहिलं." पत्र फिरत माझ्याकडे आलं आणि एका अक्षरावर माझी नजर अडकली. 'मंडळी'तला ळ, शेपटी वर वळवलेला. तसा ळ तुम्ही काढायचात. मला तुम्ही शिकवलात, लेकीला मी. बाईंना प्रभुभोजन बंद करायचा ठराव आला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हात वर केला, अप्पा.

आज दुपारी भाजी निवडताना लेकीला विचारलं. पाळकांनी गायनातून काढलं म्हणून रागाच्या भरात लिहिलं, म्हणाली. मग म्हणाली, "कुणाला कळलंय? गप्प बस की गं." मी बघत राहिले तशी ती चिडली. "तू आत्ता माझी आई आहेस की मंडळीची वडील?" शेंगा तशाच पुढ्यात पडून होत्या. दमले हो मी. शेवटल्या दिवसाच्या न्यायाची भीती नाही वाटत, तो लांब आहे. हा रविवार परवावर आलाय.

उभी राहून सांगणार आहे. पत्र लेकीचं, वर केलेला हात माझा, आणि बाई निर्दोष. लेक बोलायची बंद होईल, होऊ दे. नंतर मागच्या बाकावर जाऊन बसेन, ती आली तर तिच्याशेजारी.

हा कागद पाठवायचा कुठं, गीतांच्या वहीत घालून ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या सहा महिन्यांत दर प्रभुभोजनाला तुम्हीही काही न घेता मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसायचात. किस्सा सांगताना तेवढं मी नेहमी गाळत आले.