लॉंड्रीच्या छतावरची घंटा

मी, पर्सी गॅम्बल, वय ७१, लॉंड्रीतला निवृत्त बॉयलरवाला, राहणार लुइशम, दक्षिण लंडन, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, फक्त दम लागतो. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर भाड्याचे आहे. सामान मेव्हणी मॉडला. शिवणयंत्र तिने कधीच नेले आहे, तेही तिचेच.

२. हत्यारे शेजारी डगेट यांना. मोठा पाना चार वर्षे त्यांच्याकडेच आहे.

३. पितळी घंटा मॉडचा भाऊ सिरिल टॅप्ले याला. कारण लिहिणे भाग आहे.

युद्धात, १९४४ च्या उन्हाळ्यात, जर्मनांचे बिनवैमानिकाचे उडते बॉम्ब दिवसभर येत; इंजिन बंद पडले की खाली कोसळत. हल्ल्याच्या दर भोंग्याला काम थांबवले तर एक चादर वाळली नसती. म्हणून बायका इस्त्री चालू ठेवत आणि मी छतावर उभा राही. बॉम्ब थेट आमच्यावर येताना दिसला की मी घंटा वाजवायची, मगच सगळ्यांनी तळघरात जायचे. एके दिवशी दोनदा वाजवली. दोन्ही बॉम्ब पुढे गेले.

मुकादम सिरिल वर आला. "पर्सी, कावळा दिसला तरी वाजवशील तू."

मागून माझी बायको एडना, त्याची धाकटी बहीण, धापा टाकत आली. "तिसऱ्यांदा जिना उतरायला लावू नकोस रे. गुडघ्यांनी जीव काढलाय. अगदी डोक्यावर आला तरच वाजव."

मी बरं म्हणालो.

तिसरा आला. इंजिन चालू होते, म्हणजे पुढे जाणार. मी थांबलो. इंजिन बंद पडले तेव्हा वाजवली. त्यानंतर बारा सेकंद मिळतात. बाकीच्या उतरल्या. एडना अजून जिन्यात होती, बॉम्ब त्याच टोकाला पडला. मी छताच्या दुसऱ्या टोकाला होतो, एक कान गेला.

एडनाच्या दफनाच्या दिवशी मॉडने विचारले, "घंटा उशिरा का वाजली?"

"सिरिलनं दटावलं होतं," मी म्हणालो.

सिरिल शेजारीच उभा होता. एडना काय म्हणाली ते त्याने ऐकले होते. तो काही बोलला नाही. सतरा वर्षे मॉडने सख्ख्या भावाला उंबरा ओलांडू दिलेला नाही, आणि मी दर रविवारी तिच्याकडे जेवलो. मला रडू आले नाही, अजून आलेले नाही. लाज वाटते.

४. कलम तीन मॉडने सिरिलला घरी बोलावून त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. सामान त्यानंतरच मिळेल. वाचून झाल्यावर तिने त्याला चहा करून द्यावा. तो दोन चमचे साखर घेत असे. आता किती घेतो ते तिने त्यालाच विचारावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांच्या देखत सही केली.

पर्सी गॅम्बल

साक्षीदार: आयव्ही स्ट्रूड, परिचारिका
नॉर्मन पेग, पाववाला

लुइशम, ९ मार्च १९६१