रंग्याला पुन्हा शाळेत घातलं

विनिपेग,
२३ जून २०२४

ती. शकूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातली मेतकुटाची पुडी, दोन्ही पोचली. पुडी फुटल्यामुळे पत्र अजून खमंग आहे. फोन असताना भाच्याला पत्र लिहायला लावणारी तू जगातली शेवटची पोस्टमास्तरीण असशील. पण फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं असं तुझं म्हणणं, आणि जन्मभर शिक्के मारलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून बसलो लिहायला.

एक जूनला मला चाळीस वर्षं पूर्ण झाली, म्हणजे कागदावर. घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. केतकीने सकाळीच बजावलं की औक्षण नाही, गोडधोड नाही, कुणी विचारलं तर आज काही विशेष नाही म्हणायचं. मागे लिहिलं होतं तसं, इथे कायमचं राहू द्यायचं की नाही हे गुणांवर ठरतं, आणि आमच्या वयाला दर वाढदिवसाला गुण कापतात. वय वाढलं की माणूस शहाणा होतो असं इथलं सरकार मानत नाही. कारखान्यात मात्र रोडेलने, माझ्या फिलिपिनो मित्राने, केक आणला. मी काही केल्या मेणबत्ती विझवेना, तेव्हा साहेबांना वाटलं माझं कसलं तरी व्रत आहे.

पुढे दहा-बारा दिवसांनी निवडयादी लागली. मला तीन गुण कमी पडले. वाढदिवसाला पाच गेले होते. यादी मे महिन्यात लागली असती तर आज तुला पेढ्यांबद्दल लिहीत असतो.

आता मुद्द्याचं. माझा खरा जन्म तुळशीच्या लग्नाचा. एक जून ही तारीख तू आणि पाटणकर गुरुजींनी मिळून शोधून काढलीत, मला लवकर शाळेत डांबण्यासाठी. खऱ्या हिशेबाने मी अजून एकोणचाळीसचा आहे, पण कॅनडात हे फक्त केतकीला माहीत आहे. खऱ्या तारखेचा एखादा कागद असेल तर बघ ना, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, कुठेही. फेब्रुवारीअखेर कामाचं परमिट संपतं. तोवर काही जमलं नाही तर सगळं आवरून परत. सई बोलायला शिकली ती इथे. तिला परत म्हणजे काय ते सांगताना माझीच जीभ अडते.

लोभ आहेच, तो माझ्या गुणांसारखा दर वर्षी कमी होऊ देऊ नये.

तुझा,
श्रीरंग


बोरजाई,
१५ जुलै २०२४

चि. श्रीरंगास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तिकीट वाकडं लावलंयस. पोस्टात वाढलेल्या मुलाकडून ही अपेक्षा नव्हती.

कागद नाही. तू घरीच जन्मलास, सुईणीच्या हातावर, आणि सुईणीला लिहिता येत नव्हतं. नोंद करायला तुझा बाप, आमचा दादा, ग्रामपंचायतीत निघाला होता, पण वाटेत बाजार लागला आणि तो बैल घेऊन परत आला. राहता राहिली तुझी पत्रिका, ती माझ्या ट्रंकेत आहे. तिच्यात तिथी, घटका, पळं सगळं व्यवस्थित आहे. तुला परदेशगमनाचा योग नाही असंही स्पष्ट लिहिलंय. तिकडच्या साहेबांना दाखवायची असेल तर तेवढी ओळ झाकून दाखव.

लवकर शाळेत घातलं म्हणून मी काही कान धरणार नाही. साडेचार वर्षांचा होतास आणि रोज माझ्यामागे पोस्टात यायचास. तारखेचा शिक्का हाती लागला की दिसेल त्यावर मारायचास. खोतांच्या मुलीच्या लग्नपत्रिका तू आतून-बाहेरून काळ्या केल्यास. माझ्या इरकलीच्या पदरावर बोरजाई, चार मे, असं अजून वाचता येतं. तेही मी पोटात घातलं. मग तपासनीस साहेब आले, जेवून आरामखुर्चीत पेंगले, आणि तू त्यांच्या टकलावर त्या दिवसाची तारीख उमटवलीस. त्याच संध्याकाळी मी गुरुजींकडे गेले. ते म्हणाले, एक जूनला पाच वर्षं पूर्ण हवीत. मी म्हटलं, मग करा पूर्ण. त्यांनी केली.

आता रडू नकोस, उपाय कर. खोतांचा नातू ऑस्ट्रेलियात असाच लोंबकळत होता. त्याने कॉलेजात नाव घातलं आणि राहिला. तुमच्याकडेही कॉलेजं असतील. दादा म्हणाला, चाळिसाव्या वर्षी हा काय शिकणार. मी म्हटलं, एकोणचाळिसाव्या.

वेळेवर जेवत जा आणि तिकिटं सरळ लावत जा, म्हणजे आशीर्वादही योग्य पत्त्यावर पोचतील.

तुझी,
शकूआत्या


विनिपेग,
११ ऑगस्ट २०२४

ती. शकूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिकीट पट्टी लावून चिकटवलं आहे, तपासून घे.

इथल्या व्हिसाच्या एजंटनेही तुझंच सांगितलं. शिकायला नाव घातलं आणि त्याची परवानगी मिळाली तर राहता येतं, आणि इथलं शिक्षण झालं की गुणही थोडे वाढतात. म्हणून कॉलेजात गेलो. दोनच वर्गांत जागा होत्या, एक फुलांच्या सजावटीचा आणि दुसरा शीतयंत्रांचा. केतकी म्हणाली, फुलांचं घे, निदान घरात काही नवीन येईल. पण आधीच्या कामाशी संबंध दिसायला हवा म्हणे. आत्या, मी सोळा वर्षं शीतयंत्रंच सांभाळतोय. आमच्या कारखान्यातला एकूण एक बटाटा माझ्या जिवावर गोठतो. शिकवणारा ट्रेव्हर तीन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली उमेदवारी करत होता. वर्ग बघायला गेलो तर मला दारात पाहून तो चटकन उभा राहिला, मग आपण मास्तर आहोत हे आठवून बसला. रोडेलचंही परमिट संपत आलंय, तोही नाव घालतोय, बेकरीच्या वर्गात. मनिलात तो लोकांच्या पाठी-कंबरा नीट करायचा. म्हणतो, कणीक मळायची तर हाताला सवय आहेच.

आता एकाच ठिकाणी गाडी अडली आहे. हे शिक्षण मला का घ्यायचंय ते व्हिसाच्या साहेबांना लिहून द्यायचं आहे. खरं कारण साऱ्या विनिपेगला माहीत आहे, फक्त तेवढंच लिहायचं नाही. मी चार पानं लिहिली, ज्ञानाची तहान वगैरे. केतकी वाचून इतकी हसली की शेजारीण बघायला आली.

सई रोज विचारते, बाबाला शाळेत सोडायला कोण येणार. मी तिला सांगितलं की मला एकदाच कोणी सोडायला आलं होतं. मी बाहेर पिंपळाखाली बसते, असं आत्याने सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत येऊन बघतो तर पिंपळ होता, आत्या नव्हती. तेव्हापासून बाहेर बसते म्हणणाऱ्या कुणावरही माझा विश्वास नाही.

राग नसावा, लोभ असावा, आणि प्रार्थनेत माझं नाव जरा मोठ्याने घ्यावं.

तुझा,
श्रीरंग


बोरजाई,
१ सप्टेंबर २०२४

चि. श्रीरंगास,
अनेक आशीर्वाद.

पस्तीस वर्षं तो पिंपळ ऐकतेय. मुळात तो पिंपळ नव्हता, शिरीष होता. आणि पोस्ट दहाला उघडायचं असे. तुझ्या रडण्यासाठी सरकारने टपाल थांबवलं नसतं.

ज्ञानाची तहान कसली लिहितोस, तुला तहान लागते ती चहाची. साहेब लोकांना असलं पाठ असतं. सोबत मी प्रमाणपत्र पाठवते आहे, ते जोड. मजकूर असा:

“चि. श्रीरंग यास मी जन्मापासून ओळखते. यास कच्च्या वयात पहिलीत बसवल्यामुळे याचा पाया कच्चा राहिला. पहिलीचं वर्ष तो वर्गात कमी आणि खिडकीत जास्त होता. पुढे परीक्षा पास झाला, परंतु तो त्याच्या आईने केलेल्या उपासांचा परिणाम आहे. तरी यास पुन्हा शिकवण्याची नितांत आवश्यकता असून, मुलगा स्वभावाने गरीब आहे व वर्गात त्रास देणार नाही. शिक्के मात्र दूर ठेवावेत.”

खाली माझी सही, निवृत्त पोस्टमास्तर. साक्षीदार म्हणून पाटणकर गुरुजी. त्यांची नव्वदी उलटली, पण तुझं नाव काढताच खिडकी आठवली.

दुसरं म्हणजे, मीही तिकडे यायचा अर्ज केलाय. पासपोर्ट पडूनच होता. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले. शाईत आयुष्य गेल्यामुळे बोटं पार गुळगुळीत झालीत, यंत्राला ठसा मिळेना. तिथली मुलगी म्हणाली, आजी, जरा जोरात दाबा. जोरात दाबायचं मला सांगते.

सईला पापा. बाकी लोभ मी करतेच, तू फक्त डबल स्वेटर घालत जा.

तुझी,
शकूआत्या


विनिपेग,
२० ऑक्टोबर २०२४

ती. शकूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला. साहेबांनी लिहिलंय की अर्जदाराला हे सगळं आधीच येतं, मग तो शिकण्यासाठी येतोय हे पटत नाही. हुशार म्हणून नापास होण्याची ही माझी पहिलीच वेळ. गुरुजींना सांग, त्यांना बरं वाटेल.

आत्या, मस्करी करतोय खरा, पण मी घाबरलोय. कॉलेज सहा जानेवारीला सुरू होतं. त्याआधी आणखी एकदाच अर्ज करता येईल. केतकीने गॅरेजमध्ये रिकामी खोकी आणून ठेवलीत. सई त्यातल्या एकात घर करून खेळते, ते बघवत नाही.

तुझं प्रमाणपत्र आम्ही फ्रीजवर लावलं होतं, हसायला. रोडेल जेवायला आला तेव्हा त्याने विचारलं यात काय आहे. मी अर्थ सांगितला. तो हसलाच नाही. म्हणाला, तुला येत नाही असं सांगणारा जगात हा एकच कागद आहे, हाच पाठव. मी इतका टेकीला आलो होतो की खरंच भाषांतर करून घेतलं. खिडकी, उपास, शिक्के, सगळं शब्दशः इंग्रजीत आहे. एजंटने कपाळाला हात लावला, पण जोडलं.

तुझा व्हिसा आला, तोही दहा वर्षांचा, असं दादा फोनवर म्हणाले. मी इथे पाच वर्षं बटाटे गोठवतोय आणि मला दोन वर्षं मिळेनात. आनंद झाला आहे, पण पूर्ण झालेला नाही. तू मात्र ये. राहिलो तर राहायला ये, नाहीतर सामान बांधायला ये.

लोभ आहे तेवढा सगळा आत्ताच पाठवून दे.

तुझा,
श्रीरंग


विनिपेग,
७ जानेवारी २०२५

ती. दादास व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी इथे पोचले आणि पाठोपाठ रंग्याची परवानगी आली, हे फोनवर कळलंच आहे. दोन वर्षांची निश्चिंती झाली. कुठल्या कागदाने काम झालं ते इथे कोणी सांगत नाही. रंग्या म्हणतो, दुसऱ्यांदा अर्ज नीट भरला होता. प्रमाणपत्र पुन्हा फ्रीजवर गेलंय, आता चौकटीत. खोकी केतकीने स्वतःच्या हाताने फाडून कचऱ्यात टाकली.

काल त्याचा पहिला दिवस. केतकीने डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी दिली. तो म्हणाला, बटाटा सोडून काहीही चाललं असतं. सईने स्वतःचं गुलाबी कंपास दिलं आणि हरवलंस तर बघ म्हणून दम भरला. मी, दादा, तुझी कानटोपी घालून तयार होऊन बसले होते. नको नको म्हणाला, पण मी कधी ऐकलंय. बाहेर सगळा काचेसारखा बर्फ. तू पडशील म्हणून त्याने सगळी वाट माझा दंड धरून ठेवला.

कॉलेजच्या खिडकीवरच्या मुलीने मला विचारलं, तुम्ही याच्या कोण. मी सांगितलं, पालक. ती म्हणाली, या वयात पालक लागत नाही. मी रंग्याला सांगायला लावलं की त्याला लागत नसेल, मला लागतो. तो लाल झाला, पण त्याने सांगितलं. मग पाहुण्यांच्या पाससाठी तिने माझा पासपोर्ट बघितला. जन्म एक जून. रंग्याचा बघितला, एक जून. मागे नांदेडचा एक मुलगा उभा होता, त्याचाही एक जून. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, तुमच्याकडे सगळे एकाच दिवशी जन्मतात का. मी म्हटलं, हो, बाकीचे दिवस आम्ही कामात असतो.

वर्गाच्या दारात तो थांबला. आत सगळी विशीतली पोरं, आणि फळ्याजवळ तो ट्रेव्हर, पुन्हा उभं राहावं की नाही या विचारात. मी म्हटलं, जा, मी बाहेर बसते. रंग्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की दादा, मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या शिरीषाची लाज वाटली. पण तो आत गेला.

दाराबाहेर बाक आहे, शेजारी भिंतीतून गरम हवा येते. पिशवीतून कापूस काढून वाती वळत बसले. येणारे-जाणारे हसून हॅलो म्हणत होते. समोरच्या घड्याळात दहा वाजले तशी मी सवयीने उठलेच, पोस्ट उघडायचं म्हणून. मग पुन्हा बसले.

मधल्या सुट्टीला सगळ्यांच्या आधी दार किलकिलं झालं आणि फटीतून रंग्याचं डोकं बाहेर आलं. पुढून टक्कल पडायला लागलंय त्याला. हातात शिक्का असता तर कालची तारीख उमटवली असती. मी बाकावर होते. त्याने बघितलं, डोकं आत घेतलं, दार लावलं. पुढच्या वाती सगळ्या वाकड्या झाल्या.

आज म्हणाला, आत्या, आता माझं मी जाईन, तू घरी थांब. आणि हे म्हणता म्हणता माझी कानटोपी शोधत होता.

बस आली, पुरे करते. लोभ तिकडे असू द्या, चार वाजेपर्यंत मला इकडे त्या बाकावर बसायचं आहे.

तुमची,
शकू