सगळे एक जूनचे

मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

शाळेला पोलीस मिळाला! दर मंगळवारी दहा ते दोन येणार. मुलांनी त्याला ‘पोलीस काका’ म्हणायचं, असा वरून हुकूम. काका कसला – नवनीत नाव, माझ्या थोरल्यापेक्षा लहान. म्हसावदचा, घरी पपईची शेती. बूट चकाचक. प्रतिभा मॅडम मुख्याध्यापिका झाल्यापासून प्रत्येक नवी गोष्ट माझ्याच गळ्यात पडते. त्याची खुर्चीही माझ्याच ऑफिसात टाकली. म्हणे पंखा तिथेच नीट चालतो.

बत्तीस वर्षं या टेबलावर मी एकटा बसलो. आता शेजारी टोपी!

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पोरगा तसा वाईट नाही. फाटकाबाहेर मोटारसायकली घेऊन रेंगाळणारी टोळकी एका आठवड्यात गायब झाली. आठवीच्या मुली त्याच्याशी बिनधास्त बोलतात. चहाला नाही म्हणत नाही.

पण हात भलतीकडे जातो. “भाऊसाहेब, जरा जनरल रजिस्टर दाखवा ना, बघू तरी कोण कोण आहे.” मी म्हटलं, ठाण्याचं पत्र आणा, कोणाचं नाव हवं ते लिहा, उतारा देतो. तो हसला. “मी काय बाहेरचा आहे का?” बाहेरचाच! आत आला म्हणून घरचा होत नाही.

तेव्हा मी बोनाफाईड लिहीत होतो, रजिस्टर उघडं. त्याने मान वाकडी करून वाचलंच. “भाऊसाहेब, अर्धी शाळा एक जूनला जन्मली की काय?”

आता याला काय सांगू. पूर्वी आईबाप पोराला बोटाला धरून आणायचे आणि तारीख विचारली की म्हणायचे, पोळ्यानंतर झाला, नाहीतर बाजाराच्या दिवशी झाला. दाखला कोणाकडे नाही. पहिलीला सहा पूर्ण पाहिजेत. मग मी एक जून टाकायचो आणि साल असं धरायचो की सहा बरोब्बर भरतील. पोर पाच-साडेपाचचं असायचं. म्हणजे कागदावर मोठं, प्रत्यक्षात लहान. उलट कधीच नाही. माझ्या स्वतःच्या गुरुजींनी माझंही तेच केलं. पुढच्या वर्षी एकतीस मेला रिटायर होणार तो त्याच पुण्याईवर.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

नवनीत आज पुन्हा कपाटाकडे बघत होता. किल्ली करगोट्याला बांधायची वेळ आली.

रविवार, ८ मार्च

धानोऱ्यात दूध घ्यायला गेलो तिथे बातमी कळली. काल संध्याकाळी नंदुरबारला एस.टी. स्टँडसमोर मारामारी झाली, एका रिक्षावाल्याचं डोकं फुटलं, अकरा टाके. चार पोरं पकडली. त्यात आपला फुरकान! अकरावीचा. पहिलीपासून आमच्याच संस्थेत, नववीत एकदा नापास झालेला. वात्रट आहे, पण कोणाचं डोकं फोडेल असा नाही. फोडलं कोणी, हेही अजून नक्की नाही.

बाप सुरतमध्ये मजुरीला. आई फरजानाबाई मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठं खुडतात. बोटं कायम लाल. सध्या रोजे चाललेत, त्यात हे.

सोमवार, ९ मार्च

ठाण्याचं पत्र आलं. रीतसर – जावक क्रमांक, शिक्का, सही. फुरकानची जन्मतारीख मागितली. मी रीतसर उतारा दिला: १ जून २००८. म्हणजे सतरा. म्हणजे अल्पवयीन. पोरगं निरीक्षणगृहात जाईल, तुरुंगात नाही. त्याचा खटलाही मोठ्यांसारखा चालणार नाही. वयाच्या बाबतीत कायदा आधी शाळेचा कागद बघतो. माझा कागद!

खोटं कशाला सांगू, आज जरा छाती फुगली.

मंगळवार, १० मार्च

नवनीतची कुरबुर. “मिसरूड पाहिलं का त्याचं? हा सतराचा? तुमची एक जूनची भानगड सगळ्या ठाण्याला माहीत आहे. प्रवेशाच्या फायलीत जन्माचा काही कागद असेल. बघू द्या.”

मी म्हटलं, पत्र.

“साहेब म्हणतात आधी बघून ये, आहे की नाही. नसेल तर पत्र कशाला वाया घालवायचं.”

बघून ये! फायलीत काय नसतं? बापाचा फोन, घरातल्या माणसांची नावं, कोण कोणाला सोडून गेलं, कोणत्या पोराला फिट येते. लोक विश्वासाने सांगतात, मी लिहून ठेवतो. ती काय भाजीची पाटी आहे का, येता-जाता हात घालायला? म्हटलं, पत्राशिवाय टाचणीसुद्धा मिळणार नाही.

मॅडम नंतर म्हणाल्या, “भाऊसाहेब, पोलिसांशी उगाच वाकडं कशाला?”

गुरुवार, १२ मार्च

दुपारी फरजानाबाई आल्या. मी सवयीने चहा सांगितला आणि जीभ चावली – रोजा! त्या म्हणाल्या, असू द्या भाऊ.

मग उभ्याउभ्याच म्हणाल्या, “भाऊ, फुरकानना ज्या कागद फाईलमा शेतस, त्या कोनले दखाडू नका.”

मी समजावलं, अहो घाबरता कशाला? मीच तुमच्या पोराला पहिलीत घेतलं. पाचाचा होता, सहाचा केला. कागद निघाला तर उलट आणखी लहान ठरेल. तुमच्याच फायद्याचं!

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “लहानच शे तो. पन नका दखाडू. बस्स.”

बायामाणसांना पोलिसांची भीती असते. मी शब्द दिला, माझ्या हातून कागद जाणार नाही. जाताना दारात थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात घंटा झाली, पोरं लोंढ्याने बाहेर आली, त्या निघून गेल्या.

शुक्रवार, १३ मार्च

जेवताना फाईल, पत्र, उतारा हेच बोलत होतो. ही म्हणाली, “ताटमा काय वाढू – भाकर का रजिस्टर?”

मंगळवार, १७ मार्च

आजचं अक्षर बघा, वेडंवाकडं!

सकाळी नवनीत आला, चहा घेतला. मॅडमही सही करायला ऑफिसात होत्या. हा खुर्चीत रेलून म्हणतो, “भाऊसाहेब, ठाण्यात तुमच्या रजिस्टरवर हसतात. म्हणतात, ते रजिस्टर नाही, पंचांग आहे. ज्याला पाहिजे तसा मुहूर्त काढून मिळतो.”

मॅडम हसल्या.

त्या हसल्या नसत्या तर मी गिळलं असतं. बत्तीस वर्षांत खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. तपासणीला आलेले अधिकारी इतरांना माझं रजिस्टर दाखवतात. आणि हे कालचं पोर त्याला पंचांग म्हणतं! माझं डोकं फिरलं. किल्ली काढली, कपाट उघडलं, २०१४ चा गठ्ठा टेबलावर आपटला. फुरकानची फाईल सोडून त्याच्यासमोर टाकली. “बघ! डोळे फाडून बघ! लहानच निघेल, मोठा नाही!”

पत्र नाही. काही नाही. मीच दिली.

त्याने एकेक कागद उलटला. प्रवेश अर्ज. रेशन कार्डाची झेरॉक्स. पुढचे दात पडलेल्या पोराचा फोटो. आणि मागे, गंजक्या टाचणीला, सरकारी दवाखान्याची जन्माची पिवळी चिठ्ठी.

तो वाचत होता तेव्हाच मला आठवलं. प्रवेशानंतर दोन महिन्यांनी फरजानाबाईंनी ती आणून दिली होती. तारीख तर टाकून झाली होती. मी न वाचताच टाचून दिली. न वाचता!

“वीस दोन, दोन हजार आठ,” नवनीत म्हणाला. मग बोटांवर मोजलं. “भाऊसाहेब, मारामारीच्या दिवशी तो अठराचा होता. अठरा वर्षं पंधरा दिवस.”

तो काही खूश दिसला नाही, हेही लिहायला हवं. पण मोबाईल काढून फोटो घेतला. मी पत्र म्हणायला तोंड उघडलं. तोच म्हणाला, “पत्र उद्या आणतो.” मॅडम सही न करताच गेल्या.

सहा भरून तीन महिने उलटलेलं पोर मी बरोब्बर सहाचं केलं होतं. उलट कधीच नाही, म्हणे! तीन महिने बारा दिवसांनी लहान केलं होतं, आणि तेवढ्यावरच ते वाचत होतं. आईला माहीत होतं. कोणत्या आईला माहीत नसतं? पण मला उघड सांगणं म्हणजे नोंद करून घेण्यासारखंच. मी पडलो रजिस्टरवाला. तिने खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. पण तिने ते मागितलंच नव्हतं. फक्त दाखवू नका म्हणाली होती. तेवढंही जमलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला – आणि जिभेबरोबर हातही कपाटात गेला.

बुधवार, १८ मार्च

पत्र आलं. शिक्का, सही, सगळं बिनचूक. पोचपावती दिली.

शनिवार, २१ मार्च

ईद. दरवर्षी फुरकान डबा घेऊन येतो, शीरखुर्मा. आज कोणी आलं नाही, आणि येणार तरी कसं. तारखेवरून वकील भांडतोय म्हणतात, रजिस्टर खरं की चिठ्ठी. तोवर पोरगा मोठ्या कैद्यांत. माझा जबाब घेणार आहेत. काय सांगू? मी लिहिलेलं खोटं आहे आणि ते कृपा करून खरं धरा?

हिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, “तुम्ही शबूद दिना व्हता ना?”

सोमवार, २३ मार्च

पथारीवर जाऊन आलो. बायका देठं खुडत होत्या, सगळीकडे ठसका. फरजानाबाईंनी मला पाहिलं. मान खाली घालून काम करत राहिल्या. मी खोकत परत आलो.

मंगळवार, २४ मार्च

फरजानाबाई स्वतःच शाळेत आल्या. फुरकानची धाकटी बहीण आफशीन आमच्याकडेच नववीत, पहिल्या पाचातली. तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा. म्हटलं, अहो, परीक्षा पंधरा दिवसांवर आली, ती तरी होऊ द्या. “नको भाऊ. आफशीनना ज्या कागद तुमनाजोडे शेतस, त्या माले वापस द्या.” दाखल्यात शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. काय लिहू, विचारलं. “इतलं लिखतस तुम्ही. हाई बी तुम्हीच लिखा.” आफशीन दाराशी दप्तर घेऊन उभी होती. दाखला घेऊन आई पुढे गेली, तेव्हा ती मागे वळून रोजच्यासारखंच म्हणाली, “येते, भाऊसाहेब.”